‘स्थिर’ म्हणण्याचा अधिकार

काम पुरें झालें असें केव्हां म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा. परंतु त्याचें मूळ नीतिशास्त्रांत आहे, असें मला वाटतें. संगणकाच्या व्यवहारांत तो वरचेवर उपस्थित होतो. एखादी प्रणाली लिहून तयार असते; बहुतेक यंत्रांवर ती नीट चालतेही; दोनचार जातींच्या यंत्रांवर मात्र ती अद्याप कोणीं चालवून पाहिलेली नसते. अशा वेळीं ती लोकांच्या हातीं द्यावी, कीं सर्वांनीं थांबावें?

डेबियन ह्या स्वयंसेवकांच्या संघाचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे. त्यानें आपल्या प्रणालीची ‘वुडी’ ही आवृत्ति जुलै २००२ मध्यें प्रसिद्ध केली. पुढील ‘सार्ज’ निघण्यास जून २००५ उजाडला. विलंबाचीं कारणें अनेक होतीं. त्यांतलें एक असें कीं, ती ११ प्रकारच्या यंत्रांसाठीं एकाच वेळीं सिद्ध करावयाची होती. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरची भाषा निराळी. मूळ लिखाण त्या भाषेंत उतरवून तें चालतें कीं नाहीं हें पुन्हां पाहावें लागतें. मोटोरोला ६८००० वर्गांतील जुन्या यंत्रांना या कामीं दिवसच्या दिवस लागत. मार्च २००५ मध्यें व्हँकूव्हरला जमलेल्या कांहीं जबाबदार मंडळींनीं सुचविलें कीं, यापुढें चारच प्रकारांसाठीं थांबावें. त्यावर मोठें वादळ उठलें.

ह्या मंडळींस निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. थांबण्याचीही किंमत असते, व ती कोणीतरी भरीत असतो. हौसेनें नवें यंत्र आणावें, आणि तीन वर्षांपूर्वीच्या प्रणालीनें त्यास ओळखच देऊं नये! शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणीं घास उचलूं नये, हा आपल्या पंगतीचा शिष्टाचार मोठा गोड. पण वाढपी केळीचीं पानें तोडण्यास गेला असेल, तर भात निवतो हेंही खरें.

तथापि वेग थोर कीं दया थोर, असा हा वाद मांडणें मला पटत नाहीं. डेबियन आपल्या प्रसिद्ध आवृत्तीस ‘स्टेबल’, म्हणजे स्थिर, म्हणतो. हा शब्द आशेचा नव्हे, साक्षीचा आहे. आणि साक्षीदारानें पाहिलें तेवढेंच सांगावयाचें असतें. एखाद्या यंत्रप्रकारासाठीं थांबलों, तर साक्ष खरी राहते. तो आमच्यानें झेपत नाहीं असें आधीं उघड सांगून वगळला, तरी ती खरीच राहते. मात्र ज्यांचें यंत्र वगळलें त्यांना दुसरी सोय पाहण्यास अवधि मिळाला पाहिजे. पण न पाहिलेल्या वस्तूवर ‘स्थिर’ असा शिक्का मारला, तर ती योगायोगानें चालली तरी खोटें बोलणें घडलेंच. थोड्यांच्या बाबतींत हा मोह अधिक. त्यांची ओरड फार दूर जात नाहीं.

संरक्षणाच्या कामांत इतकें थांबण्यास वेळ कोठें, असें कोणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. परंतु १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक प्रणालीची एक सुधारणा जगभर एकदम गेली, आणि विंडोजवर चालणारीं सुमारें ८५ लाख यंत्रें कोलमडलीं. विमानें खोळंबलीं, रुग्णालयांचीं कामें अडलीं. तपासणी करणाऱ्या प्रोग्रामांतच दोष होता, आणि थोड्या ग्राहकांना प्रथम देऊन पाहण्याची दक्षता घेतली गेली नव्हती. तातडीमुळें तपासणी आटोपशीर करतां येईल. ती मुळींच टाळण्याची सवलत तातडी देत नाहीं.

व्हँकूव्हरची सूचना पुढें जशीच्या तशी अमलांत आली नाहीं. एप्रिल २००७ मधील ‘एच’ ही आवृत्तीही ११ प्रकारांसाठींच निघाली. मोटोरोला ६८००० वर्ग मात्र तींत नव्हता. त्या जुन्या यंत्रांचे अभिमानी स्वस्थ बसले नाहींत. अधिकृत यादीबाहेर राहून त्यांनीं आपलें काम चालू ठेवलें.