जागेवरचे आधीचे रहिवासी

घर बांधू पाहणाऱ्याला आज सर्वांत आधी जो सल्ला मिळतो तो बहुधा दिशांचा असतो: स्वयंपाकघर आग्नेयेस असावे, देवघर ईशान्येस असावे, दरवाजा अमुक बाजूला नसावा, आणि या सूचनांमागे त्या घरापासून मालकाला आरोग्य, पैसा व शांतता किती लाभेल एवढाच हिशेब असतो. ज्या ग्रंथपरंपरेचा आधार या सल्ल्याला दिला जातो, ती मात्र बांधकामाच्या आरंभी आणखी एक प्रश्न विचारते, आणि धर्मविचाराच्या दृष्टीने तो अधिक मूलगामी आहे: ज्या जागेवर घर उभे राहणार तिथे आधीपासून कोण राहते, आणि त्यांना उठवण्याचा अधिकार बांधणाऱ्याला कुठून मिळतो? सातबारा आणि खरेदीखत माणसामाणसांतला हक्क ठरवतात; झाडे, वारुळे आणि पाण्याच्या वाटा यांच्याशी असलेले देणेघेणे त्या कागदांत येत नाही.

या प्रश्नाची सुरुवात मातीपासून होते. गृह्यसूत्रे म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणारे प्राचीन ग्रंथ. त्यांपैकी आश्वलायन गृह्यसूत्रात वास्तुपरीक्षा, म्हणजे घराच्या जागेची पारख, अशी सांगितली आहे: गुडघाभर खड्डा खणावा आणि त्यातून निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती वर उरली तर जागा उत्तम, सपाट बसली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. पुढे सूर्यास्तानंतर तोच खड्डा पाण्याने भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी त्यात पाणी टिकले आहे, नुसती ओल आहे की तो कोरडा पडला आहे, ते पाहावे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हीच परीक्षा थोडक्यात येते: पाणी ओतून शंभर पावले चालून यावे आणि ते कितपत उतरले ते बघावे. याच ग्रंथांनी मातीचा रंग वर्णावर्णांत वाटून दिला आहे. तो भाग सामाजिक उतरंडीचा आहे, त्याचा मातीच्या गुणाशी काही संबंध नाही, आणि तो टाकून देण्यात घर बांधणाऱ्याचे कसलेच नुकसान नाही.

पाण्याच्या परीक्षेलाही मर्यादा आहे. दख्खनची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतींना तडे जातात. त्यामुळे पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, आणि अशा ठिकाणी पाणी धरून ठेवणे हा मातीचा गुण पायाच्या दृष्टीने दोषच ठरू शकतो. म्हणून आज ही परीक्षा अभियंत्याच्या देखरेखीखाली खोल खड्डा घेऊन आणि मातीचे नमुने प्रयोगशाळेत तपासूनच व्हायला हवी. परीक्षेचे साधन बदलले तरी तिच्यामागची भूमिका बदलण्याचे कारण नाही: नकाशा काढण्याआधी जमिनीला बोलू द्यावे, आणि जमीन नको म्हणाली तर जागा सोडण्याची तयारी ठेवावी.

झाडाच्या बाबतीत बृहत्संहिता याहून पुढे जाते. लाकडासाठी वृक्ष तोडण्यापूर्वी रात्री त्याची पूजा करावी, बली अर्पण करावा, म्हणजे अन्नाचा भाग ठेवावा, आणि त्या वृक्षावर राहणाऱ्या भूतांना, म्हणजे तिथल्या जीवांना व अदृश्य सत्त्वांना, हा बली स्वीकारून अन्यत्र वास करण्याची विनंती करावी, असा हा विधी आहे. इथे खरी तात्त्विक अडचण उभी राहते. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडे मागितलेली परवानगी ही परवानगी म्हणावी काय, की कुऱ्हाड हाती घेतलेल्याने स्वतःच्या मनाची घातलेली ती समजूत असते? स्मृतिकारांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांच्या वापरात जीव मरतातच, असे मान्य करून त्यांच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ म्हणजे पाच नित्यकर्मे सांगितली आहेत. हिंसा अटळ आहे, पण ती नजरेआड करता येणार नाही, हे या मांडणीचे बळ आहे. आणि प्रायश्चित्त रोजचे झाले की ते सवयीचे होते, हा तिचा कच्चा दुवा आहे.

नकार शक्य व्हावा अशी व्यवस्था बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, आढळते. पाली विनयपिटकातल्या कथेनुसार राजगृहाजवळ ऋषिगिरीच्या उतारावर धनिय नावाचा भिक्षू राहत असे. गवत आणि सरपण गोळा करणाऱ्यांनी त्याची गवताची कुटी तीनदा मोडून नेली, तेव्हा मूळच्या कुंभाराच्या या मुलाने संपूर्ण मातीची कुटी उभारली आणि गवत, लाकूड व शेण यांच्या जाळात ती भाजून काढली. ती मृगाच्या किड्यासारखी लालबुंद झाली होती आणि तिच्यावर टकटक केले की घंटेसारखा नाद निघे. बुद्धांनी ती पाहिली आणि मोडायला लावली, कारण ती भाजताना जीवांविषयीची करुणा सुटली होती. कुटी सुंदर होती, टिकाऊ होती, आणि धनियाची अडचणही खरी होती. कथा यांपैकी काहीही नाकारत नाही, आणि म्हणूनच तो निर्णय वाचकाला बोचतो.

पुढचा नियम आळवी येथील भिक्षूंमुळे झाला. ते स्वतःसाठी मोठमोठ्या कुट्या बांधू लागले आणि माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या अशी मागणी इतकी करू लागले की त्यांना पाहताच लोक वाट बदलत, गाई दिसल्या तरी भिक्षूच आले असे वाटून पळत. तेव्हा असे ठरले की मागून आणलेल्या साहित्याने स्वतःसाठी बांधलेली कुटी आतून बारा सुगत-वीत लांब आणि सात रुंद, एवढीच असावी. सुगत-वीत म्हणजे बुद्धांच्या नावाने ओळखले जाणारे माप. जागा मात्र स्वतः ठरवायची नाही. इतर भिक्षूंनी ती पाहून मान्य केली पाहिजे, तिथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांची वस्ती नसावी, आणि कुटीभोवती जुंपलेली बैलगाडी फिरू शकेल इतकी मोकळीक असावी. वारूळ बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणारा, आणि ज्याला कुटीत राहायचे नाही असा, तिसरा माणूस इथे नेमला गेला. आज बांधकाम नियमावलीत इमारतीभोवती सोडावयाचे सामासिक अंतर असते आणि शहरांत झाड तोडण्यासाठी 1975 च्या अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घर बांधणारे या दोन्हींकडे अडथळा म्हणून पाहतात, पण त्यांचे नैतिक रूप त्या बैलगाडीच्या आणि त्या पाहणीच्या जातीचे आहे.

महाराष्ट्रात भूमिपूजन बांधकामाआधी आणि वास्तुशांत गृहप्रवेशाच्या वेळी होते. वास्तुपुरुष हा पुराणांनुसार देवांनी जमिनीवर पालथा दाबून धरलेला प्राणी असून 81 चौरसांच्या मंडलात 45 देवता त्याच्या अंगावर बसलेल्या मानतात, आणि वास्तुशांतीत त्याची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरण्याची रूढी आहे. घर एका दबलेल्या जीवावर उभे आहे ही कबुली फार मोठी आहे. पण ती देईपर्यंत झाड पडलेले असते, ओढा बुजलेला असतो. यासाठी भूमिपूजनाची तिथी काढण्यापूर्वी एक पावसाळा त्या जागेला द्यावा हे इष्ट: आषाढात पाणी कोणत्या बाजूने येते आणि कुठून बाहेर पडते ते पाहावे, शोषखड्ड्याची जागा शेजाऱ्याच्या विहिरीकडे बघून ठरवावी, खणताना निघालेली वरची कसदार माती बाजूला राखावी, आणि नकाशा झाडाभोवती वळतो का हे वास्तुविशारदाला आधी विचारावे.

विनयात कुटीच्या त्या नियमाला जोडूनच दुसरा नियम येतो. बांधकामाचा खर्च उचलणारा दाता मिळाला, तर विहार कितीही मोठा बांधता येतो, मापाची अट तिथे उरत नाही. जागेच्या पाहणीची अट मात्र दाता मिळाल्यावरही तशीच राहते.