दोराचे दुसरे टोक

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेच्या चढावर आला की पाऊल आपोआप थबकते. खाली डोंगरसोंडेने विभागलेले दोन किनारे, काठाने सुरूचे बन. तेथे उभा असता मला मत्तयच्या तेराव्या अध्यायातील जाळ्याचा दृष्टान्त आठवला. वाचताना आपण होडीतून फेकलेले जाळे कल्पितो; मूळ ग्रीक शब्द मात्र किनाऱ्यावर ओढून आणायच्या लांब जाळ्याचा आहे. कोकणी माणूस त्याला सरळ रापण म्हणेल.

दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ घेते, जाळे सोडीत जाते व दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि ओढता ओढता एकमेकांजवळ सरकतात. त्यांच्यात प्रेमच असते असे नाही, भाऊबंदकीही असते. पण एका टोकाने हात सोडला तर मासळी निसटते, हे दोघांनाही ठाऊक असते. (यांत्रिक नौकांनी रापण मागे सारली आणि तिच्याबरोबर ही गरजही, पण तो स्वतंत्र विषय.)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) ख्रिस्तसभेला 'देवाची प्रजा' म्हटले. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी लहान समूहांत ख्रिस्तसभेची आशा पाहिली. त्याच प्रेरणेने वसईतील आमच्या आळीतही लहान ख्रिस्ती समूह सुरू झाला. काही वर्षे मी त्याचा चिटणीस होतो. दरमहा सभा, बायबलवाचन, इतिवृत्त, सारे वेळच्या वेळी. आणि त्याच आळीतील एक वृद्ध विधवा तीन आठवडे अंथरुणाला खिळून आहे, हे आम्हांला एका हिंदू भाडेकरूने सांगितले. तिला पेज तोच नेऊन देत होता. इतिवृत्तात तिच्यापुढे 'गैरहजर' अशी नोंद होती, माझ्या हस्ताक्षरात.

प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय, सर्व काही सामाईक असल्याचा, आपण आवडीने वाचतो. सहावा क्वचितच. तेथे रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा झाल्याची तक्रार आहे. त्यावर सात जण निवडले गेले आणि सातांचीही नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले असे दिसते.

आपुलकीच्या उपदेशाने समूह जुळतो, यावर माझा आता विश्वास उरलेला नाही. आधी ओझे सामाईक लागते. आपले प्रत्येकाचे कुंपण वेगळे, वाहन वेगळे. एकत्र गाण्यापुरतीच एकमेकांची गरज. शिवाय तीन जिल्ह्यांत पसरलेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात (स्थापना २००५) कॅथलिक घरे विरळच. तेथे दोराचे दुसरे टोक एखाद्या खारवी वा दाल्दी शेजाऱ्याच्या हातीच असणार. मग समूह कोणाचा म्हणायचा? आमच्या वहीत त्या भाडेकरूसाठी रकानाच नव्हता.

पुढच्या सभेला त्याला बोलावले. तो दाराशीच बसला आणि एवढेच म्हणाला, "दुपारी आजीजवळ कोण असतं?" त्या प्रश्नावर सभा तासभर चालली. बायबलवाचन त्या दिवशी राहून गेले.