सामाईक घराचे फुटके कौल

कौलारू घरातली सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे फुटके कौल बदलणे. त्यासाठी छपरावर चढावेही लागत नाही. आतून शिडी लावायची, वरच्या ओळीतले कौल हाताने जरासे उचलायचे, फुटके काढून घ्यायचे आणि दुसरे सरकवून रिपेवर अडकवायचे. मंगळुरी कौलाची घडणच तशी. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्याने ती डोक्यावर घेतली. पथ्य एकच, साचा जुळला पाहिजे. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असे नाही. म्हणून जाणती माणसे मागीलदारी जुन्या कौलांची चवड राखून ठेवतात.

अर्ध्या तासाचे काम. पण ते राहिले की पुढचे सगळे ओळीने येते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माकडाने उडी मारून फोडलेल्या एका कौलातून तो आधी रिपेवर उतरतो, मग वाशावर. भिजलेल्या वाशाला वाळवी लागते, वासा वाकला की शेजारची कौले सरकतात आणि पाणी भिंतीच्या डोक्यावर येते. चिरा स्वतः टिकतो. जुन्या घरात चिऱ्यांमधली माती असते, ती धुपते. तीन-चार पावसाळ्यांत भिंत बाहेर कलते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाड्यांतून अशी आढे मोडलेली घरे जागोजाग दिसतात.

कौल बदलायला कोणी नव्हते म्हणून ती पडली असे वाटेल. पुष्कळ ठिकाणी कोणीतरी होते. घरही उघडे होते, चूलही पेटत होती. पण घर सामाईक. सातबारावर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी परळ-लालबागहून डोंबिवली-विरारला सरकलेली, काही हयात नसलेली. गावी राहणाऱ्याने शिडी लावली की मुंबईहून फोन येतो, ‘कोणाक इचारून?’ आणि नाही लावली तर शेजारी विचारतात, ‘घर काय तुझ्या एकट्याचा आसा? तू कित्याक मरतं?’ दोन्ही प्रश्नांना तो कंटाळतो आणि गळक्या जागेखाली टोप मांडतो.

मुंबईकरांचा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. दुरुस्तीच्या नावाखाली माजघराला कुलूप लागल्याची उदाहरणे आहेत. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर गुपचूप एकच नाव चढल्याचीही आहेत. तरी भीती वस्तुस्थितीपेक्षा मोठी आहे. घरपट्टीचा उतारा कर वसुलीसाठी असतो. त्याने मालकी ठरत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा कायदा सर्वसाधारणपणे सर्वांच्या वतीने धरतो. दहा कौले बदलली म्हणून कोणाचा हिस्सा वाढत नाही, आणि बदलली नाहीत म्हणून कोणाचा टिकतही नाही.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गेले, तेव्हा कौले उडाली, माड घरांवर पडले, कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. मृग तीन आठवड्यांवर होता. अशा वेळी बंद घरावर ताडपत्री टाकायला जाणाऱ्या शेजाऱ्याने सातबारा पाहायचा असतो का? परक्याच्या घरासाठी जे सरळ दिसते, ते भावकीत आले की का वाकडे होते?

मला यातली रेषा स्पष्ट दिसते. जे होते तसे परत करायचे असेल, तर त्याला कोणाची परवानगी लागू नये. फुटके कौल, कुजलेली रीप, तुंबलेली पन्हळ, उखडलेला गिलावा, ही कामे जो तिथे आहे त्याने करावीत आणि फोटो व खर्च सगळ्यांना कळवावा. पण कौले उतरवून पत्रे घालणे, पडवी बंद करून खोली काढणे, देवघर हलवणे हा बदल आहे. तो विचारल्याशिवाय करणे म्हणजे दुरुस्तीच्या आडून हक्क बजावणेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गावी राहणारा घरचाच म्हणून त्याची मजुरी फुकट धरली जाते. साठी ओलांडलेल्या काकांना शेवाळलेल्या छपरावर चढवायचे आणि फोनवरून सल्ले द्यायचे, हे शोभत नाही. मीटरच्या पेटीत तर घरच्या हौशी माणसाने हात घालूच नये; वायरमन बोलवावा. उंचावरचे काम गड्याने करावे आणि त्याचे पैसे सगळ्यांनी द्यावेत. काकांनी आपल्या हाताने केले, तर त्यांच्या दिवसाचीही मजुरी त्याच वहीत मांडावी. त्यांनी ती घेतली नाही तर तो त्यांचा मोठेपणा. इतरांनी तो गृहीत धरू नये.

चतुर्थीला सगळी भावंडे एका छपराखाली येतात. आरत्या आणि फुगड्या झाल्या की तासभर बसा. दर वर्षी प्रत्येकाने किती द्यायचे, वही कोणाकडे, किती रुपयांपर्यंत विचारायचे नाही, एवढे तीनच ठराव करा. हिस्स्यांचा विषय त्या दिवशी काढू नका. आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मागीलदारी किती कौले शिल्लक आहेत ते मोजून जा.