पगार मिळतो, मग ऋण कसलं?

आमच्याकडे मिलिटरीतला पोरगा शिपाई असो की हवालदार, गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. हा मान मनापासूनचा आहे. पण त्याच गावच्या पारावर एक प्रश्नही कानावर येतो: पगार आहे, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, मग आपल्यावर त्याचं ऋण कसलं? लातूर जिल्ह्यात तलाठी म्हणून माझी नोकरी गेली, आता मुलाकडे नांदेडला असतो. हा प्रश्न मला कधी टाळावासा वाटला नाही, कारण तो धर्माच्या मुळाशी जाणारा आहे.

शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यऋणही सांगितलं आहे. ते फेडायचं कसं, तर माणसाला आसरा देऊन आणि जेवू घालून. स्तुतीने फेड होते असं तिथे नाही.

हे ऋण मी डोळ्यांनी पाहिलं ते किल्लारीच्या भूकंपात. तिथे मी पंचनाम्याच्या कामावर होतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे चारच्या आत दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं माणसांवर बसली. जवळपास आठ हजार माणसं गेली. वरून पाऊस, खाली चिखल. लष्कराचे जवान ढिगाऱ्याच्या वरची दगडं पहारीने हलवायचे. खाली कापड किंवा केस दिसले की पहार बाजूला ठेवून हाताने माती काढायचे. एक जवान मला आठवतो, उत्तरेकडचा असावा. प्रेत उचलण्याआधी तो दर वेळी माझ्या वहीकडे बोट करून विचारायचा, “नाम लिखा?” मी मान हलवली की मगच उचलायचा. नाव सांगायला घरातलं कोणी उरलेलं नसलं, तर शेजारचं कुणी सापडेपर्यंत थांबायचा.

त्या खोदण्याचा पगार त्याला मिळाला असेल. पण त्याच आठवड्यात त्याच्या गावी त्याची आई अंथरुणाला खिळलेली असती, तर तिच्या उशाशी कोण बसलं असतं? आमच्या लोकांची प्रेतं उचलताना तो स्वतःच्या घरी नव्हता. घरातली ही रिकामी जागा पगाराने भरत नाही. ती शेजाऱ्यानेच भरायची असते. आपल्यावरचं ऋण आहे ते या जागेचं.

आणि ती जागा कुठे असते, हे तलाठ्याइतकं कोणाला दिसणार! सुट्टीवर आलेला मेजर घरी कमी आणि तहसीलला जास्त, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. धाकटं पोर अजून बापाला ओळखेना, आणि बाप मोजणीची तारीख मिळवायला खेटे घालतोय. कारण तो सीमेवर असताना शेजाऱ्याने दर नांगरटीला बांध कोरलेला असतो, एकेक तास आत. सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा चालू नये म्हणून 1925 सालापासून कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्याने कळवलं की कोर्ट काम थांबवतं. पण नांगर कोर्टाला विचारून चालत नाही. ज्याने बांध कोरला, तोच 26 जानेवारीला मेजरच्या बापाला शाल घालतो, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. तो मान मला मान वाटत नाही.

आता ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून मोबाइलवर सोयाबीनचा फोटो चढवायचा. पोरगा लडाखला, म्हाताऱ्याला बटणं कळत नाहीत, आणि सातबाऱ्यावर पीकच चढत नाही. पुढे हमीभावाने विकताना अडतं. एका मोबाइलवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते. गल्लीतल्या कॉलेजच्या पोराला त्यासाठी अर्धा तास पुरे.

नांदेडला आल्यावर, ऋण सेवेने फेडायचं या विचाराला बळ मिळालं. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारात रोज संध्याकाळी गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात, आणि त्याच आवारात लंगर अखंड चालतो. 1708 साली गुरूंनी इथेच देह ठेवला. त्यांच्या आनंदपूरच्या लढाईतली भाई कन्हैयांची गोष्ट इथल्या संगतीकडून मी अनेकदा ऐकली. ते जखमींना पाणी पाजत, आपला आणि शत्रूचा असा भेद न करता. तक्रार गेली तेव्हा गुरूंनी त्यांना मलमपट्टीचं सामानही दिलं. सैनिकाचा मान राखायला कुणाचा द्वेष करावा लागत नाही, हे शस्त्र धरणाऱ्या गुरूनेच दाखवून दिलं. आणि इथे जोडे सांभाळणारा भाविक उपकार केल्याच्या भावनेने उभा नसतो. सेवा मिळाली म्हणून तोच हात जोडतो.

कोणी म्हणेल, ऊसतोडीला गेलेल्याचं घरही सहा-सहा महिने बंद असतं, त्याचं काय? खरं आहे. त्याचाही बांध कोरला जातो, त्याच्याही म्हातारीला दवाखान्यात नेणारं कोणी नसतं. मनुष्यऋणात तोही आलाच. सैनिकाच्या घरापासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी, की तिथे जायला गाव आज तयार आहे.

7 डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो, तो द्यावाच. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कल्याणासाठी तो जातो. पण माझं मागणं ग्रामसभेकडे आहे. 15 ऑगस्टच्या सभेत सत्कार झाला की तिथेच गावातल्या सैनिकांच्या घरांची यादी वाचावी आणि प्रत्येक घरापुढे दोन नावं लिहावीत: पीक पाहणी कोण करणार, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याला गाडी कोण काढणार. बांधाला बांध लागून ज्याचं शेत आहे, त्याला आधी विचारावं.