काचेच्या भरवशावर राहू नकोस

चि. निखिल,

बँकेच्या मुख्य कार्यालयापासून डेटा सेंटरपर्यंतची डार्क फायबर लाइन तुझ्याकडे आली, हे ताईकडून कळलं. ‘फायबर टॅप होत नाही’ असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं म्हणे! तुझ्या पिशवीतला लाइव्ह फायबर आयडेंटिफायर काढ. तो फायबर न तोडता जरासा वाकवतो, वळणावर गळणारा उजेड टिपतो आणि सिग्नल कुठल्या दिशेने चाललाय ते सांगतो. चोराचं उपकरण याहून थोडं तरबेज, इतकंच.

लाइन ताब्यात घेतानाचे १३१० आणि १५५० नॅनोमीटरचे ओटीडीआर ट्रेस, म्हणजे फायबरमध्ये कुठे किती उजेड हरवतो त्याचे आलेख, जपून ठेव. पुढे ट्रेसमध्ये कुठे नवी पायरी दिसली तर दोन्ही तरंगलांबींचे ट्रेस शेजारी लावून बघ. चांगल्या स्प्लाइसचा लॉस दोन्हींत साधारण सारखा येतो. फायबर वाकला असेल तर १५५० वर तो ठळक वाढतो. लगेच पोलिसांना बोलावू नकोस, बहुतेकदा जॉइंट क्लोजरमध्ये कुणीतरी घाईत फायबर कोंबलेला असतो. पण झाकण उघडून पाहिल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही. आणि ट्रेस स्वच्छ आला म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. सफाईने केलेल्या टॅपिंगचा लॉस मळक्या कनेक्टरपेक्षाही कमी असू शकतो.

रस्त्याइतकंच रॅककडेही लक्ष दे. सॅन फ्रान्सिस्कोत एटी अँड टीच्या इमारतीत स्प्लिटर लावून उजेडाचा एक वाटा बंद खोलीकडे वळवला होता, हे मार्क क्लाइन या तिथल्याच तंत्रज्ञाने २००६ साली उघड केलं. त्यासाठी रस्ता खणावा लागला नव्हता.

तेव्हा कुणीतरी ऐकतंयच असं धरून मॅकसेक, म्हणजे लिंकवरचं एन्क्रिप्शन, चालू कर, २५६ बिटांच्या एईएससह. एक सेटिंग मात्र स्वतः तपास. काही स्विचवर ‘शुड सिक्युअर’ ठेवलं, की किल्ली न जुळल्यास डेटा गुपचूप उघडाच जात राहतो आणि लिंकचा दिवा हिरवाच दिसतो. ‘मस्ट सिक्युअर’ ठेव. लिंक पडेल, मध्यरात्री फोन येईल, मॅनेजर ओरडतील. ओरडू देत.

क्वांटम किल्ल्यांचं विचारलंस. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२२ साली प्रयागराज ते विंध्याचल, शंभर किलोमीटरहून लांब फायबरवर अशा किल्ल्यांचं वाटप करून दाखवलं, कौतुकच आहे. पण पासवर्ड मॉनिटरला चिकटवणाऱ्या कचेरीत ते आणून काय करणार? आधी मॅकसेकची किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणं बंद कर आणि ती ठरावीक मुदतीने बदल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा