शूनेमकरीण थांबली नाही

शास्त्रभाग : 2 राजे 4:18-37



शूनेम गावच्या त्या मातेचे मूल तिच्या मांडीवर भरदुपारी गतप्राण झाले. तिने गाढवावर खोगीर घालविले व कर्मेलाची वाट धरली. सणवार नसता आजच का जातेस, असे पतीने विचारले. परंतु ती वाद घालीत बसली नाही.

हाच प्रश्न आपल्या बीड जिल्ह्यातील मातांपुढे दर हिवाळ्यात उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस जातात. कोपीत गारठा, चुलीचा धूर, आणि तान्हे बाळ फडाच्या कडेला. बाळास धाप लागली तरी माता कचरते. खाडा झाला तर दंड पडेल, मुकादम रागावेल. कोणी पोटावर डाग देण्यास सांगतो. बंधूंनो, डागाने न्युमोनिया जात नाही. कोवळ्या जिवास जखम मात्र होते.

बाळ शांत असता त्याची छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60, वर्षाच्या आतील बाळाचे 50, व पाच वर्षांच्या आतील मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी आशाताईंस अथवा आरोग्य केंद्रात दाखवा. बाळ दोन महिन्यांच्या आतील असेल, छाती आत ओढली जात असेल, अथवा त्याने दूध सोडले असेल, तर 108 क्रमांकास कळवून तत्काळ रुग्णालय गाठा.

आम्हांस मोजता येत नाही, असे कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्या आरोग्यसेवकांस व सुइणींस हेच शिकविले. ज्यांस अंक येत नव्हते त्यांस वाळूचे घड्याळ व मणी दिले. दहा श्वासांस एक मणी. रोग ओळखून लागलीच औषध दिल्याने, त्या गावांतील न्युमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी झाले, असे 1990 साली प्रसिद्ध झाले.

न्युमोकोकल लस सरकार विनामूल्य देते : दीड महिन्यास, साडेतीन महिन्यांस व नवव्या महिन्यास. तोडीस निघताना लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.

प्रार्थना सोडा, असे आम्ही म्हणत नाही. शूनेमकरणीनेही संदेष्ट्याचे पाय धरले. परंतु त्यासाठी ती आधी घराबाहेर पडली. उपदेशक बंधूंनो, अशा मातेबरोबर आपण जावे, आणि तिच्या खाड्याचा भार मंडळीने उचलावा. शूनेमकरीण मूल गेल्यावरही धावली; आपल्या बाळात तर अद्याप श्वास आहे. आमेन.