आराखडा परत घेऊन जा

वाचला मी तुझा आराखडा. आलेल्या अर्जांचा सारांश एआय काढणार, उत्तराचा मसुदा एआय लिहिणार, कारकुनाने वाचून सही करायची. शेवटच्या पानावर समितीची नावं आहेत. सगळे संगणकवाले आणि दोन साहेब. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई त्यात नाहीत, खिडकीवरचा कारकून नाही, शिपाई नाही. मान खाली घालू नकोस. का नाहीत, ते सांग.

‘त्यांना त्यातलं काय कळतं?’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. नारिवली गावचा एखादा म्हातारा मोजणीचा अर्ज घेऊन येतो. अर्ज कचेरीबाहेर बसणाऱ्याने ठरलेल्या साच्यात लिहून दिलेला असतो. म्हाताऱ्याची खरी तक्रार वेगळीच असते. भावकीतल्या कुणीतरी बांध कोरलेला असतो, आणि सातबाऱ्यावर अजून मेलेल्या बापाचं नाव असतं, वारसनोंद झालेलीच नसते. यातलं एक अक्षर अर्जात नसतं. खिडकीवरचा माणूस दोन प्रश्न विचारून ते काढून घेतो. तुझं यंत्र कागदावर आहे तेवढंच वाचेल, आणि माहिती अपुरी पडली की खरं वाटेल असं काहीतरी स्वतःच रचून देईल. ती चूक ओळखणार कोण? तू? शेवटचा सातबारा कधी हातात धरलास? आणि मसुदा चुकला तर सही कारकुनाची, कारणे दाखवा नोटीसही त्यालाच. ज्याच्या गळ्यात जबाबदारी, त्यालाच बैठकीतून वगळलंस.

2021 सालचं विसरलास? अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि माहिती इंग्रजीत भरायची वेळ आली. हातात जुने, कमी मेमरीचे फोन. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. बायकांना तंत्रज्ञान नको आहे, असं तेव्हा तुझ्यासारखेच लोक म्हणाले. साफ खोटं. त्यांना चालणारा फोन हवा होता आणि आपली भाषा हवी होती. एवढं तर पहिल्याच दिवशी, अंगणवाडीच्या ओट्यावर बसून विचारता आलं असतं.

आणि तू सिद्धगडाच्या पायथ्याचा! 2 जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करायला तुम्हा पोरांना मीच नेत होतो. भाई कोतवाल वकील होते, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. पण इंग्रजांशी लढायला आझाद दस्ता उभा केला तो शेतकऱ्यांना, आदिवासींना बरोबर घेऊन. 1942 मध्ये मुंबईला वीज नेणारे पायलन पाडायचे होते. रानातल्या वाटा, पाण्याची ठिकाणं, लपायच्या जागा वकिलीच्या पुस्तकात नव्हत्या. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या शेजारी कोतवाल बसले, आणि 1943 मध्ये हिराजी पाटलांसह याच डोंगरात गोळ्या झेलून गेले. तुला आपल्याच कचेरीतल्या शिपायाशेजारी बसायला कमीपणा वाटतो?

जर्मनीत 2021 पासून कायदाच आहे. कामाच्या जागी एआय आणायचं असेल, तर कामगारांच्या परिषदेला मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ बोलावता येतो. तिथे कामगाराला प्रश्न विचारायला बळ देतात. तू इथे प्रश्नच येऊ नयेत अशी बैठक भरवलीस.

आता ऐक. खिडकीवरचे, आवक-जावकच्या बाई, शिपाई, चालक, सगळ्यांना बोलाव. कामाच्या वेळेत बोलाव, सुटल्यावर थांबवलंस तर त्यांची एसटी चुकते. साहेबांना त्या दिवशी बाहेर ठेव, त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही. मागच्या वर्षीचे अर्ज काढ, नावं-गावं झाकून यंत्राला दे, आणि त्याने जे लिहिलं ते या लोकांना लाल पेनाने तपासू दे. कुठलं काम यंत्राकडे द्यायचं आणि कुठलं अजिबात नाही, हे आधी ते सांगतील, मग तू बोलशील. चुकीच्या मसुद्यावर सही नाकारायचा हक्क त्यांना लेखी दे. मग नवा आराखडा लिही. समितीच्या यादीत त्यांची नावं असतील, तरच माझ्याकडे घेऊन ये.